बारावी फेरी

अकरा झाल्या तेव्हा भावनाने पिठाचे हात परातीतच ठेवले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसातला उंबर पुरता दिसतो. सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून रोज सकाळी तांदळाच्या भाकरी थापताना ती थोरल्या नणंदेला बघत आली होती. आक्का तांब्याभर पाणी उंबराला घालते, अकरा फेऱ्या मारते, बुंध्याला कपाळ टेकते. मग पाण्याचा पहिला घोट घेते आणि दिवसातला पहिला शब्द बोलते. तोवर मौन. पाऊस असो, ताप असो, यात कधी खंड पडला नव्हता.

आज अकरावी फेरी संपली आणि आक्काने कपाळ टेकलं नाही. हात जोडलेले तसेच ठेवून ती पुढे चालू लागली.

"बारावी," भावना स्वतःशीच म्हणाली.

परसाच्या तोंडाशी पिवळा जेसीबी बादली उचलून उभा होता. इंजिनाच्या धडधडीने खिडकीतल्या बरण्या किणकिणत होत्या. मुलाची, भूपेशची हळद उद्यावर आली होती. आज उंबराची फांदी आणून मांडव उभा करायचा आणि तो उभा राहायच्या आत मागचा कोपरा सपाट करून त्यावर कोबा घालायचा, हे तिच्या नवऱ्याने, केसरीनाथने परवा जेवताना सांगून टाकलं होतं. उद्या तिथे डीजेचं स्टेज. लग्न झालं की तीच जागा बाजूला भाड्याने दिलेल्या गोडाऊनच्या कंटेनरला वळायला. भाडेकरूला तसा शब्द गेला होता. आक्काने तेव्हा ताटातला भात संपवला, ताट उचललं आणि इतकंच विचारलं होतं, "उंबरपन काढनार?"

"उंबर नाय गो. बाकीचं. उंबराला गोल कट्टा करू, टाइल्स लावून."

त्यावर ती ताट घेऊन मोरीकडे गेली होती. ती मुळातच हळू बोलणारी. लोकांना वाटतं, हळू बोलणाऱ्याने होकारच दिला.

"आंटी, हटिए ना," जेसीबीवाला केबिनमधून मान काढून म्हणाला. "फिर धूप हो जाएगी."

आक्का फेरी घेत त्याच्या बादलीखालून गेली. तेरावी.

*

उन्नती केस पुसता पुसता धावत आली ती सरळ जेसीबीसमोर. ठाण्याच्या कॉलेजात ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि होळीपासून दर शनिवार-रविवार आत्याबरोबर याच कोपऱ्यात मातीत बसलेली असायची.

"भैया, बंद करो. इंजन बंद करो पहले."

"सेठ ने बोला है."

"सेठ की बेटी बोल रही है."

इंजिन बंद झालं तशी आक्काच्या पावलांची चाहूल ऐकू येऊ लागली. कोरड्या, झाडलेल्या जमिनीवर अनवाणी पावलं. उन्नतीला तो आवाज सहन होईना. परवापर्यंत इथे पाऊल टाकलं की पाला कुरकुरायचा. घोट्यापर्यंत पाला होता. जांभळाचा, करंजांचा, उंबराचा. तो आपोआप साचला नव्हता, दोघींनी साचवला होता.

तिचा बागेचा नकाशा घरात भिंतीला लावलेला होता, पण खरा नकाशा आत्याने जमिनीवर काढला होता, रांगोळीने. सकाळी आठला सावलीची कड कुठे येते, तिथे एक ओळ. दहाला दुसरी. बाराला तिसरी. तीनला, गोडाऊनचा पत्रा तापून भट्टीसारखा फेकायला लागतो तेव्हा, चौथी. दोन महिने अशा ओळी काढून दोघींनी ठरवलं होतं की दिवसभर ऊन जिथे शिरतच नाही तिथे नेचे लावायचे. फक्त सकाळचं कोवळं ऊन येतं तिथे रानहळद आणि भुईचाफा. मोरीचं पाणी झिरपतं त्या ओलीत पेवाची रोपं. जुन्या विहिरीचे पडके दगड हलवायचे नाहीत, त्यांवर शेवाळ धरू द्यायचं. आणि वाट सरळ न्यायची नाही. जांभळाला वळसा घालून अशी न्यायची की तोंडाशी उभं राहिलं तर शेवट दिसू नये.

"शेवट दिसला की मानूस परत फिरतो," आत्या म्हणाली होती. एवढंसं वाक्य, पण उन्नतीने ते वहीत लिहून ठेवलं होतं.

मग परवा संध्याकाळी भूपेशने चार मित्र आणले. पाला झाडून काढला, नेचे गवत समजून उपटले, मांडवाच्या खांबांसाठी पहारीने खड्डे घेतले, आणि सगळ्या झाडांना छातीइतका गेरू आणि चुना फासला, हायवेच्या झाडांना असतो तसा. खड्ड्यांतून शेवळाचे, पहिल्या पावसात उगवणाऱ्या रानभाजीचे, कंद वर आले, ते बटाट्यासारखे एका कडेला ओळीने लावून ठेवले. वर आत्याला हाताला धरून दाखवायला घेऊन आला.

"बघ आत्या, कसा चकाचक केला तुझा गार्डन. आता बाबा तरी कचरा म्हननार न्हाईत."

आत्याने त्याच्या गेरूने माखलेल्या हातांकडे बघितलं. "लय मेहनत केलीस रे," म्हणाली, आणि कंद एकेक करून पदरात वेचले.

*

केसरीनाथ आला तो मोबाइलवर बोलत. "हां, हां, मिक्सर निघू दे. नऊपर्यंत इथं पायजेल." फोन खिशात टाकून त्याने उभ्या जेसीबीकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग बहिणीकडे.

"काय चाललंय?"

"आत्याच्या फेऱ्या," उन्नती म्हणाली.

"अजून? किती झाल्या?"

"एकोणतीस," खिडकीतून भावनाचा आवाज आला. तिचं तिलाच कळलं नाही की ती अजून मोजत होती.

केसरीनाथने एक श्वास घेतला. आक्काचं व्रत चालू असताना तिला अडवायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, ही या घराची रीत. बाबांनी पाडलेली. बाबा, म्हणजे त्याचे आणि आक्काचे वडील मोरूशेठ, यांचे भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमाग होते. माग विकल्यावर त्यांना घरातल्या शांततेत झोप येईना, म्हणून ते या उंबराखाली खाट टाकून पडायचे, आणि सकाळी आक्का पाणी घालायला आली की खाट आपल्या हाताने बाजूला घ्यायचे. केसरीनाथने ते पाहिलं होतं. कोणासाठी खुर्चीवरून न उठणारा माणूस.

"आक्का," तो फेरीच्या कडेला उभा राहून म्हणाला, "मना कळतंय तू काय करतंस. पन हे व्रत न्हाय. ही जिद हाय."

आक्का चालत राहिली.

"तिला काय बोलताय? माझ्याशी बोला," उन्नती म्हणाली. "बाबा, स्टेज पुढच्या अंगणात होतं. मी मोजलंय. डीजेचे दोन बॉक्स कमी करायचे फक्त."

"तू शिकायला जातंस का माझ्या घरात मोजमापं काढायला? बाग पायजे ना तुना? मी देतो बाग. टेरेसवर लॉन टाकतो, पाम लावतो, कारंजा लावतो लाइटवाला. ही काय बाग हाय? हे रान हाय!"

"रानच करायचंय."

"लोक पैसे देऊन रान साफ करतात, आन तू..."

"पत्र्याला हात लावून बघा बाबा. आता, सकाळी आठला. आणि मग इथे उभे राहा. फरक कळला तर मला सांगा, नाही कळला तर मी स्वतः जेसीबीवाल्याला चाबी देते."

केसरीनाथने पत्र्याला हात लावला नाही. तो लावायची गरजही नव्हती. रोज दुपारी जेवल्यावर गोडाऊनच्या ऑफिसातून उठून तो कुठे येऊन उभा राहतो, हे त्याला माहीत होतं, आणि त्याला वाटत होतं की ते फक्त त्यालाच माहीत आहे.

"सही केलीय तिने," तो आवाज चढवून म्हणाला. "हक्कसोड. तहसीलला माझ्यासोबत येऊन, राजीखुशीने. आता हा सात-बारा माझा हाय."

"आणि आजोबांनी काय सांगितलं होतं?"

"काय?"

"कोपरा आक्काचा."

"ते तोंडी होतं."

"तोंडी होतं म्हणूनच तिने सही केली, बाबा. तुमच्या तोंडावर विश्वास ठेवून."

भूपेश तेवढ्यात दात घासत दारात आला होता. तो तसाच थबकला. बहीण बाबांशी असं कधी बोललेली त्याने ऐकली नव्हती. त्याला वाटलं आता बाबा हात उचलणार. बाबांनी फक्त घड्याळात बघितलं.

"किती झाल्या गो?"

"त्रेचाळीस," भावना म्हणाली.

*

भावनाने परात झाकून ठेवली आणि मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. या घरात तिला सगळे बोलावतात, भावना चहा, आई टॉवेल, वहिनी जरा इकडे. फक्त एका ठिकाणी कोणी बोलावत नाही. दुपारी भांडी झाली की ती जांभळामागे त्या पडक्या दगडावर जाऊन बसते. आक्काही असते तिथे, माळ ओढत. दोघी बोलत नाहीत. एकदा भावना रडली होती, का ते आता आठवतही नाही. आक्काने माळ थांबवली नाही, फक्त स्वतः बसली होती ती सावली सोडून उन्हाकडे सरकली आणि तिला आत जागा दिली.

तेविसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून आक्का परत आली होती. का आली, हे तिने आईबापाला सांगितलं नाही, गावाला सांगितलं नाही. लोक विचारून थकले. तेव्हाही ती म्हणे रोज उठून उंबराला पाणीच घालत राहिली होती.

"आई, तू तरी बाबांना सांग," उन्नती म्हणाली.

"मी काय सांगनार," भावना म्हणाली. हे उत्तर तिच्या तोंडाला सवयीचं होतं. पण ती दारातून हलली नाही, आणि मोजणंही तिने सोडलं नाही. साठ. पासष्ट. आक्काच्या कपाळावर घाम होता, ओठ सुकले होते. अजून पाण्याचा थेंब नाही. बासष्ट वर्षांची बाई.

"आत्या, बास ना!" भूपेश न राहवून ओरडला. "बाबा, तिला चक्कर येईल. माझ्या हळदीला हे काय लावलंय तुमी सगल्यांनी?"

"माझ्यामुळं चाललंय का हे?" केसरीनाथ गरजला.

"मंग कोनामुळं?"

भूपेश बोलून गेला आणि मग स्वतःच दचकला.

*

शंभराव्या फेरीच्या सुमाराला राहीबाई आली. मागे नटलेल्या दहा-बारा बायका, हातात आरतीचं ताट, तांदूळ, हळद, नारळ, आणि पुढे वाजंत्री. गावातल्या प्रत्येक लग्नात धवले, लग्नविधीची गाणी, गाणारी हीच. तिच्या गाण्याशिवाय उंबर तुटत नाही आणि मांडव उभा राहत नाही. वयाने ती मोरूशेठच्या बरोबरीची, पाठीत वाकलेली, पण आवाज असा की वाजंत्री आपोआप हळू वाजायची.

"हा पिवला हत्ती कोनाचा?" तिने जेसीबीकडे बोट करून विचारलं. बायका हसल्या.

"कोबा घालायचाय, राहीआये," केसरीनाथ म्हणाला. "तुमी फांदी घ्या, मंग आमी काम सुरू करतो."

"आन ही?"

"तिचं चाललंय."

राहीबाईने आक्काकडे बराच वेळ बघितलं. मग ताट बुंध्याशी ठेवलं, अक्षता हातात घेतल्या आणि रीतीप्रमाणे विचारलं, "उंबराचा धनी कोन?"

"मी. आनखी कोन?" केसरीनाथ म्हणाला.

"धनी हायस तर सांग, आज झाडाला पानी घातलंस?"

बायकांत खसखस पिकली आणि लगेच थांबली, कारण राहीबाई हसत नव्हती.

"राहीआये, जमीन माझी हाय. तिच्यावरचं झाड माझंच झालं."

"जमीन मी कुठं इचारली? मांडवाचा उंबर मागून आनायचा असतो, बाबा. ज्याच्या हातचं पानी पितो तो देतो. तुझ्या बापाच्या लग्नात तुझी आजी नारल घेऊन बाजूच्या वाडीत गेली होती, पाटलीन असून. धन्याने दिला न्हाय तर मांडवाला उंबर न्हाय."

"मंग भिवंडीतून मागवतो. नर्सरीतून."

"इकतचा?" राहीबाईने अक्षता पुन्हा ताटात टाकल्या. "मंग गानंपन इकतच आन."

वाजंत्रीवाल्याने सनई तोंडातून काढली. वळणावर मिक्सरचा हॉर्न वाजला. आक्का चालत होती, आता फार हळू, एका हाताने बुंध्याचा आधार घेत. गेरू तिच्या तळव्याला लागला होता.

राहीबाईने पुन्हा विचारलं, "उंबराचा धनी कोन?"

केसरीनाथने तोंड उघडलं. चार भाऊबंद कुंपणाशी येऊन उभे होते, त्यांच्यापुढे त्याला 'मी' म्हणायचं होतं. पण त्याची नजर बुंध्याशी गेली, जिथे बाबांची खाट असायची, आणि त्याने तोंड मिटलं.

"तिसऱ्यांदा इचारते," राहीबाई म्हणाली. "मंग मी जाते."

"आक्कांचा."

सगळ्यांनी वळून पाहिलं. भावना दाराची पायरी उतरून अंगणात आली होती. हातावर पीठ वाळलेलं.

"भावना!" केसरीनाथ म्हणाला.

"आक्कांचा हाय," ती म्हणाली. "उंबर आक्कांचा. हा कोपरापन आक्कांचा. सासऱ्यांनी सांगितलं तेवा मी इथंच पानी घेऊन उभी होते. मी आयकलंय. आजवर मना कोनी इचारलं न्हाय म्हनून बोलले न्हाय. अवो, मुलाच्या मांडवाला खोटं नको. नारल घ्या आन मागा."

केसरीनाथला वाटलं की आता भाऊबंद हसतील. कोणी हसलं नाही. उलट कुंपणापाशी कोणीतरी डोक्यावरची टोपी काढली.

"एकशेआठ," उन्नती पुटपुटली.

आक्का थांबली. तिने बुंध्याला कपाळ टेकलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. वळली तेव्हा कपाळावर गेरूचा डाग उमटला होता. भूपेश धावत पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिने तांब्या हातात घेतला, पण प्याली नाही. समोर भाऊ राहीबाईच्या ताटातला नारळ घेऊन उभा होता.

"मागतोस, का घेतोस?" तिने विचारलं. दिवसातला पहिला शब्द. नेहमीइतकाच हळू.

केसरीनाथने नारळ दोन्ही हातांत धरला.

"मागतो," तो म्हणाला.

"कोनाकडं?"

"तुझ्याकडं."

"मोठ्याने बोल. राहीआयेला आता कमी आयकायला येतं."

राहीबाईला पलीकडच्या गल्लीतलं कुजबुजणं ऐकू येतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"आक्का, तुझ्याकडं मागतो. भूपेशच्या मांडवाला उंबर दे."

आक्काने नारळ घेतला, कपाळाला लावला आणि मग पाण्याचा घोट घेतला. "दिला. उन्नती, कुठली फांदी काढायची ती दाखव. दुपारच्या सावलीला भोक पडता कामा नये."

उन्नतीने क्षणभरही विचार केला नाही. पूर्वेची, गोडाऊनकडे झुकलेली फांदी. तिची सावली पत्र्यावरच वाया जायची. नवरदेव स्वतः कोयता घेऊन झाडावर चढला. राहीबाईने गाणं उचललं, सनई सुरात आली आणि बायकांनी खाली पदर पसरले, पान जमिनीवर पडू नये म्हणून.

त्या गलक्यात केसरीनाथ बहिणीच्या जवळ आला. "बास ना आता? राहिला तुझा मान. हळद होऊ दे. कोब्याचं मंग बघू."

"काय बघू?"

"आक्का, भाडेकरूला शब्द दिलाय मी."

"मनापन दिला होता. बाबांसमोर."

"तू समजून घे जरा..."

"तू समजून घे," आक्का म्हणाली. "आता चारचौघांत नारल देऊन माझ्याकडून उंबर घेतलास. उद्या म्हनशील, कोपरा आक्काचा न्हाय. म्हन. मी काय भांडनार न्हाय, मना भांडता येत न्हाय. पन मंग तुझ्या पोराचा मांडव कोनाच्या उंबराखाली उभा होता, ते गावाला तू सांगायचं."

तिने उरलेलं पाणी उंबराच्या मुळाशी ओतलं आणि जेसीबीकडे चालत गेली.

"भैया," ती वर बघून म्हणाली, "वो कुएँ के पास लंबा पत्थर है ना, वो उठाएगा तेरा गाडी?"

"उठाएगा ना. कहाँ रखना है?"

आक्काने परसाच्या तोंडाशी, बरोबर मधोमध, पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढली. इथून माणूस जाईल, हातगाडीही जाईल. कंटेनर जाणार नाही.

जेसीबीवाल्याने केसरीनाथकडे बघितलं. "सेठ?"

केसरीनाथ बघत होता ते झाडावर, मुलगा कापत असलेल्या फांदीकडे. खाली बघायला तयार नव्हता. मिक्सरचा हॉर्न पुन्हा वाजला.

"रखो," भावना म्हणाली. "और वो मिक्सरवाले को बोलो, वापस जाओ."

इंजिन सुरू झालं. हलवायचा नाही म्हणून ठरलेला विहिरीचा तो काळा, लांब दगड बादलीत डुलत आला आणि रेघेवर बसला तेव्हा पायाखालची जमीन हलली. वाजंत्री न थांबता वाजत राहिली. आक्काने दगडावर बसून बघितलं, ती जरा सरकली, आणि बाजूची जागा हाताने झाडून तिने भावनाकडे पाहिलं. भावना येऊन बसली.

"भूपेश!" आक्काने झाडाकडे मान वर करून हाक मारली. "पाला भरलेली पोती कुठं ठेवलीस?"

"मागं हायेत आत्या, सुताच्या गोण्यांत. घंटागाडी अजून आली न्हाय."

"खाली उतरलास की घेऊन ये. मांडव उभा राहायच्या आधी सगला पसरून घ्यायचा हाय."

"हळदीला? लोकांच्या पायाखाली येईल तो!"

"येऊ दे," आक्का म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून एक कंद काढून त्याच्यावरची माती बोटाने पुसू लागली.